भोंग्यावरचं नाव

कॅप्टन मर्ल गारलॉकबद्दल चांगलं बोलायला मला कुणी सांगू नये. माणूस आमच्याच गावचा, वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दारू नाही, चर्च नाही. अडतीस उन्हाळे त्याने सेंट लॉरेन्स नदीत पर्यटकांची बोट चालवली आणि अडतीस उन्हाळे आमच्या हॉटेलच्या नाकी नऊ आणले.

हेमलॉक पॉइंट हॉटेलात लोक येतात ते शांततेसाठी. एकटेच येतात, लांब व्हरांड्यातल्या झुलत्या खुर्चीत पाय पसरून बसतात, नदीकडे बघतात, पुस्तक उघडं टाकून झोपतात. आणि दिवसातून चार वेळा, अकरा, एक, तीन, पाच वाजता, कॅप्टनची बोट समोर येऊन इंजिन मंद करायची आणि भोंगा सुरू व्हायचा. "वर बघा, तिसरा मजला, डाव्या टोकाची खिडकी. एकोणीसशे एकतीस साली या खोलीतून इडेला नावाच्या मोलकरणीने एका बाईंची मोत्यांची माळ उचलली आणि धुक्यात नाव वल्हवत नदीपलीकडचा कॅनडा गाठला. मोती आजतागायत सापडले नाहीत." मग शंभर माणसं माना वर करून बघायची आणि फोटो काढायची.

इडेला माझी आजी. ती कॅनडात पळाली नव्हती. मोती आठवड्याने कपाटामागे सापडले, पण तोवर तिला कामावरून हाकललं होतं, आणि सापडल्याचं हॉटेलवाल्यांनी कुणाला सांगितलं नाही. तिने पुढे चाळीस वर्षं घरी लोकांच्या चादरी धुतल्या. मी शाळेत असताना गावात हे कुणाला आठवतही नव्हतं. कॅप्टनने आठवण करून दिली. माझा मुलगा चौथीत शाळेच्या सहलीला त्या बोटीवर गेला आणि फुटलेला ओठ घेऊन घरी आला. दुकानात रांगेत उभं असताना लोक मला हसून विचारायचे, मोती कुठे पुरलेत म्हणून. मी एकदा धक्क्यावर जाऊन कॅप्टनला म्हटलं, गोष्ट सांगा, पण नाव गाळा. तो दोर गुंडाळत होता. नाही म्हणाला आणि गुंडाळतच राहिला. त्या दिवसापासून तो माझ्या मनातून उतरला.

सव्वीस वर्षं मी या हॉटेलच्या काउंटरवर आहे. भोंग्याविरुद्ध बोट कंपनीला गेलेलं प्रत्येक तक्रारपत्र मी टाइप केलंय, आणि मॅनेजरने सांगितलं त्याहून दोन वाक्यं जास्त कडक करून.

तर या वर्षी कॅप्टन निवृत्त झाला आणि कंपनीने त्याला निरोपाची भेट म्हणून आमच्याच हॉटेलातल्या दोन रात्री दिल्या. देणाऱ्याला अक्कल नव्हती की जरा जास्तच होती, कोण जाणे. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, हंगाम संपत आलेला. तो सकाळी दहालाच कापडी पिशवी घेऊन आला, ओल्या बुटांनी गालिचा खराब केला आणि म्हणाला, "नदीकडची दे, नोरीन. शांत. मला दोन दिवस कुणाशी बोलायचं नाहीये."

अठरा खोल्या रिकाम्या होत्या. मी त्याला तीनशे बाराची किल्ली दिली, तिसरा मजला, डावं टोक. त्याने नंबर वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि जिना चढला.

अकराला बोट आली. आता ती टेस नावाची तिशीतली मुलगी चालवते, त्याच्याच हाताखाली तयार झालेली, शब्दन् शब्द त्याचा. म्हातारा बनियनवर खिडकीत बसला होता. शंभर फोन त्याच्याकडे वळले. त्याने पडदा ओढला. एकला टेसला पडदा हललेला दिसला आणि तिने भोंग्यावर जोडलं, "बघा, कोणीतरी आहे वर. मोती शोधतंय वाटतं." बोटीवर हशा पिकला. काउंटरमागे मीही हसले, खोटं कशाला सांगू. तीनची फेरी गेल्यावर तो खाली आला.

"खोली बदल."

"रिकामी नाहीये."

"नोरीन, व्हरांड्यात एकही माणूस नाही, आणि खोली रिकामी नाही?"

"दोन दिवस सोसा, कॅप्टन. आम्ही अडतीस वर्षं सोसलं. माझी आजी त्यातली चौदा वर्षं जिवंत होती. म्हातारपणी घरात बसून स्वतःला चोर म्हणवून घेत होती, तुमच्यामुळे."

तो काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"घरात बसून नाही," तो म्हणाला. "माझ्या बोटीत बसून. पुढच्या बाकावर."

मी म्हटलं, काय वाट्टेल ते बोलू नका.

मग त्याने सांगितलं. पहिल्या उन्हाळ्यात त्याच्या गोष्टीत नाव नव्हतंच, नुसती 'एक मोलकरीण' होती. ऑगस्टमध्ये एक म्हातारी फेरी संपल्यावर उतरेना. म्हणाली, "एक मोलकरीण काय म्हणतोस? त्या लोकांना तेव्हाही मी एक मोलकरीणच होते. नाव घे. इडेला. मोठ्याने घे, त्यांच्या व्हरांड्यापर्यंत गेलं पाहिजे." तो म्हणाला, बाई, मी तर तुम्हाला चोर म्हणतोय. तर ती म्हणाली, "चोर म्हण. माझी काही चूक नव्हती असं सांगशील तर मान वर करून कोण बघेल? त्यांना दुपारची झोप मिळता कामा नये, एवढं बघ."

"दर ऑगस्टला यायची," कॅप्टन म्हणाला. "मी नाव घेतलं की व्हरांड्याकडे बघून हात हलवायची."

मला त्याला खोटं पाडायचं होतं. पण दर ऑगस्टमध्ये आजी निळी टोपी घालून एका मैत्रिणीला भेटायला जायची, आणि तिला गाडीने धक्क्यावर मीच सोडायचे. मैत्रीण कोण, हे मी कधी विचारलं नाही.

"मी तुमच्याकडे आले होते तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, नोरीनला हॉटेलात नोकरी करायचीय. तिला कळलं तर तिला तिथे उभं राहता येणार नाही."

आजी माझ्या नोकरीला कधी काही बोलली नव्हती. पहिला गणवेश तिने स्वतः इस्त्री करून दिला होता. मी आमच्या छापील कागदावर सव्वीस वर्षं जी पत्रं टाइप केली ती मला एकेक करून आठवायला लागली, आणि त्या म्हाताऱ्याचा आधीपेक्षा जास्त राग आला. तो गप्प राहिला म्हणून मी कुणाच्या बाजूने लढले ते बघा.

"तू म्हणशील तसं," तो म्हणाला. "टेस माझं ऐकते. नाव काढायला सांगू?"

पाचची फेरी आली तेव्हा मी काउंटर सोडून व्हरांड्यात गेले. इतक्या वर्षांत भोंगा वाजला की मी आत पळायचे, त्यामुळे तो पाण्यावरून कसा येतो हे मला ठाऊकच नव्हतं. आजीचं नाव भिंतीवर आदळलं आणि परत नदीवर गेलं. आमचे मॅनेजर हॉलिस साहेब आतून खिडक्या आपटून बंद करत होते. कॅप्टन माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

"काढू नका," मी त्याला म्हटलं. "टेसला सांगा, आडनावही घे. आणि आवाज वाढव."

"आणि माझी खोली?"

"तीनशे बारा."

दुसऱ्या दिवशी अकराला बोट समोर आली. मी मुद्दाम काउंटरवरच उभी राहिले. हॉलिस साहेब माझ्यापुढे नवं तक्रारपत्र ठेवून मजकूर सांगत होते, तोच भोंग्यावरून आलं, इडेला लॅक्लेअर. एकदा नाही, दोनदा. साहेब वाक्याच्या मध्येच थांबले आणि त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली: नोरीन लॅक्लेअर.