श्रोत्याची जागा

माझी कन्या चाकणच्या एका कारखान्यात इंजिनांची परीक्षा घेते. आठवडाभर ती मोशीला आपल्या घरी असते आणि मी रहाटणीत. तिची आई होती तोवर आम्ही तिघे इथेच राहत होतो. रविवारी माझी प्रातःसंध्या आटोपते न आटोपते तोच खाली तिच्या गाडीचा आवाज येतो. त्या आवाजाच्या आधाराने मी आठवडा काढतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

गाडी बाहेरून साधीच आहे. आत मात्र तिने संगणक जोडून इंजिनाची ताकद वाढवत नेली. त्या इंजिनाला टर्बो आहे. म्हणजे, तिने मला समजावले त्याप्रमाणे, इंजिनाच्या श्वासात हवा कोंबणारा पंखा. कोंबलेली हवा तापते, आणि फार तापली की इंधन आपल्या वेळेची वाट न पाहता मध्येच फुटते. असे अवेळी स्फोट होत राहिले तर पिस्टनला तडे जातात. गाडीत बसलेल्याला ते सहसा ऐकू येत नाहीत. म्हणून तिने तांब्याच्या नळीचे एक टोक चपटे करून इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळले, दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती आत आणली, आणि कारखान्यात गोंगाटापासून बचाव म्हणून कानांवर चढवतात त्या टोप्यांना ती जोडली. हे साधन घालून गाडी चालवता येत नाही. त्याला दुसरा माणूस लागतो.

"बाबा, मागच्या रांगेतला मुलगा स्वर चुकला की तुम्हाला डोळे मिटून कळायचं ना? मग हेही कळेल," ती म्हणाली होती.

वेदपाठशाळेत शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या कानांना निवृत्तीनंतर असे काम मिळेल हे स्वप्नातही आले नसते. सुटीमुळे निजलेल्या कारखान्यांमधल्या लांब सरळ रस्त्यावर ती गाडी जोरात काढी, आणि तापल्या वाळूत चणे फुटावेत तसा बारीक आवाज माझ्या कानात उमटे. मी हात वर करी. ती पाय उचली. मग बाजूला थांबून ती संगणकात काही बदले आणि विचारी, "एकच होता की सलग?" बाप-लेकीत दुसरे बोलणे फारसे होत नसे. तिची आई गेल्यावर आम्हा दोघांना जोडणारे बोलणे उरले ते एवढेच, आणि मला ते पुरेसे होते.

यंदा तिने ठरवले की इंजिनात पाणी सोडायचे. निम्मे शुद्ध पाणी आणि निम्मे मेथॅनॉल असे मिश्रण डिकीतल्या टाकीत भरायचे, आणि टर्बोचा दाब चढला की पंपाने ते हवेच्या नळीत धुक्यासारखे फवारायचे. पाण्याची वाफ होताना हवा निवते आणि अवेळी स्फोट थांबतात. नळीला तोटी बसवायला आम्ही काळेवाडीतल्या तिच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने कपाळाला हात लावला.

"गुरुजी, पाणी शिरलेली इंजिनं उघडता उघडता आमचा पावसाळा सरतो. आन् ताई म्हणतात, पाणी घालायला भोक पाड!"

"घालायचं नाही चाचा, शिंपडायचंय," ती म्हणाली.

"शिंपडायचंय? मग मंत्रही लागंल. म्हणूनच गुरुजींना आणलंय व्हय?"

आम्ही तिघेही हसलो. मला मात्र मार्जन आठवले. संध्या करताना बोटांच्या अग्रांनी मस्तकावर शिंपडतात ते पाणी थेंबभरच असते, आणि तेवढ्याने माणूस शांत होतो. अग्नीलाही तेवढे पुरत असेल, असे मनात आले. मेथॅनॉल विषारी असल्याने त्या कॅनला तिने मला हात लावू दिला नाही. शुद्ध पाणी तेवढे मी ओतले.

पुढच्या रविवारी आम्ही त्याच रस्त्यावर गेलो. टोप्या चढवून मी डावीकडे बसलो. गाडी सुटली, मागे पंप घुमू लागला, वेग चढला.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

तिने आनंदाने स्टिअरिंगवर थाप मारली. "चाललं! आता दाब अजून वाढवते. इथे पडद्यावर इंजिनाचा सेन्सर स्फोटांच्या एक-दोन खुणा दाखवतोय, पण तो उगीच बोंबलतो. तुमचा कान शांत म्हणतोय ना? मग शांतच."

तिच्या या वाक्याने मी चपापलो. देवघरातली लहान घंटा काही महिन्यांपासून मला बोथट वाजल्यासारखी वाटत होती. तडा गेला असेल म्हणून ती उलटसुलट करून पाहिली होती, तडा नव्हता. कानात आता होती ती शांतता पाण्यामुळे आहे की आणखी कशामुळे, हे मला सांगता येत नव्हते. चुकीच्या शब्दावर तिने दाब वाढवला तर इंजिन फुटणार होते. खरे काढायला गेलो तर बहुधा माझी जागा जाणार होती.

विद्यार्थ्यांना मी अन्वय आणि व्यतिरेक शिकवत आलो. कारण असताना कार्य होते, एवढ्यावर थांबू नये. कारण काढून घेतल्यावर कार्यही जाते का, ते पाहावे.

"पंप बंद कर," मी म्हणालो, "आणि पुन्हा एकदा ने."

"बंद? अहो, पाण्याशिवाय इंधन मध्येच फुटणार की!"

"फुटू दे. मला ते ऐकायचे आहे."

"बाबा, इंजिनावर कसले प्रयोग करताय?"

"इंजिनावर नाही गं."

तिला उमगले नाही, पण तिने ऐकले. क्षणभरच दाब चढू दिला असेल, तोच संगणकाचा पडदा लाल झाला आणि तिने स्वतःच पाय उचलला.

"बाप रे! ऐकलंत? केवढा होता!"

मी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. "मला काही ऐकू आले नाही."

"नीट बसल्या नसतील."

"नीट बसल्या होत्या."

ती उतरली, बॉनेट उघडून नळी चाचपली. बराच वेळ चाचपत राहिली, जणू दोष तिथेच सापडला तर बरे. नळी जागच्या जागी होती. परत येऊन बसल्यावर तिने हलकेच विचारले, "कधीपासून?"

मी घंटेचे सांगितले. तिने गाडी सावकाश घराकडे वळवली.

त्यानंतर तिने रबरी नळीच्या टोकाशी छोटा माइक बसवला. आवाज आता संगणकात साठतो आणि ती मोशीला बसून ऐकते. फवारणी थोडी वाढवावी लागली. आता इंजिन खरोखर शांत आहे. मला ती कानांच्या डॉक्टरांकडेही घेऊन गेली. तिला दोष कळला की तो दुरुस्त करायचा असतो. बारीक, उंच आवाज गेले आहेत, कानात घालायच्या यंत्राने बोलणे स्पष्ट होईल, असे ते म्हणाले. मी होकार दिला.

गेल्या रविवारी ती आली. गाडीत टोप्या अडकवायची खुंटी रिकामी होती. तिने गाडी देहूच्या दिशेला घेतली; तपासायचे काही नव्हते, म्हणून दर्शन. देहू रस्त्यावरच्या मोकळ्या पट्ट्यात तिने वेग वाढवला. मागे पंप घुमला; तो जाड आवाज मला अजून येतो. सवयीने तिने विचारले, "काही ऐकू येतंय?"

"नाही."

"मलाही नाही," ती समाधानाने म्हणाली, आणि मग बहुधा आपण कोणाला विचारले हे ध्यानी येऊन तिने पाय उचलला.

इंद्रायणी दिसू लागली. माझा उजवा हात, वर करायच्या तयारीत असे तसाच, गुडघ्यावर उलगडून ठेवलेला होता.