पातूरच्या बिबट्याची वंशावळ

"गाडी हालली तर मी चाकाखाली निजतो, सर. आधी माह्या अंगावरून न्या, मंग पातूर पाहा."

आमच्या आठवीतल्या एका मुलीचे बाबा शाळेच्या फाटकात, सहलीच्या बससमोर, दोन्ही हात पसरून ओरडत होते. आवाज असा, की दर्यापूरच्या स्टँडवरच्या जीपा त्या दिवशी प्रवासी न भरताच सुटल्या म्हणतात. सकाळीच त्यांच्या मोबाइलवर निरोप आला होता: पातूरच्या लेण्यांत बिबट्या, सोबत दोन पिल्लं. पिल्लांचं ऐकल्यावर बाकीचे पालकही आपापली लेकरं खिडकीतून ओढून काढू लागले. अर्धी बस रिकामी झाली तर सहल रद्द, असं मुख्याध्यापक माझ्या कानात म्हणाले, आणि मला ते जरा खूषच वाटले.

ती मुलगी एक पाय पायरीवर, एक जमिनीवर ठेवून उभी. डोळे काठोकाठ.

"सर, तो मागं जायचा धडा करू काय?"

आदल्याच आठवड्यात मी शिकवलं होतं, की आलेला निरोप पुढे ढकलायचा नाही, मागे ढकलायचा. तुला कोणी पाठवला, त्याला कोणी, असं विचारत जायचं, 'मी डोळ्यांनी पाहिलं' म्हणणारा भेटेपर्यंत. तेव्हा अर्धा वर्ग झोपला होता. उरलेल्या अर्ध्याला डास झोपू देत नव्हते.

तिने बाबांच्या हातातून मोबाइल घेतला आणि स्पीकर लावला. निरोप अमरावतीच्या राजापेठेतल्या आत्याचा होता.

"आत्या, तुले कोनं पाठवलं?"

"शेजारनीनं. पन पिल्लं मीच टाकली. नुसता बिबट्या म्हटलं तर तुहा बाप आयकते काय?"

दोन पिल्लं जागीच खलास. चार पोरं पुन्हा बसमध्ये चढली.

शेजारणीला विचारलं, तर तिच्या अकोल्याच्या भावानं पाठवलेला. लेण्यांत तो बिबट्या तिने बसवला होता. भाऊ नुसता 'पातूरकडं' म्हणाला होता. त्या भावाला म्हणे एका मित्रानं सांगितलेलं. असं फोन लावत लावत आम्ही अमरावती-अकोला करून आलो, बस अजून फाटकातच. शेवटी मित्राचा नंबर लावला, तर पलीकडून मुलीचा सख्खा मामा बोलला.

"मामा, तू पाह्यला काय बिबट्या?"

"मी कायले पाहू? परवा तुह्या बाबानंच मले फोन केला. पोरगी पातूरले चालली, तिकडं बिबट्या-गिबट्या असते काय म्हने. मले मालूम नव्हतं, म्हनून मी अकोल्याच्या दोस्ताले विचारलं."

फाटकात असा हशा उठला की शाळेच्या छपरावरची दोन कवेलू खाली आली. पालकांनी खिडक्यांतून काढलेली लेकरं खिडक्यांतूनच परत भरली. मुलगी तर पुढची सीट पकडून केव्हाच बसली होती.

बस सुटताना मी खाली वाकून तिच्या बाबांना म्हटलं, "भाऊ, बिबट्या तर तुमच्याच घरचा निघाला."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"मी परवा विचारलं होतं, सर. उत्तर आज आलं."