घरमालकांचा रुंद रस्ता

आमच्या घरमालकांइतका गावाचा विचार करणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात सापडला नसता, आणि ज्याच्या विचारांपासून गाव इतकं लांब पळत होतं असाही दुसरा सापडला नसता. दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर माझी नेमणूक झाली तेव्हा कडा या गावाच्या पुढच्या एका लहान गावात मी त्यांची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली. साखर कारखान्याच्या बांधकाम खात्यातून ते निवृत्त झाले होते. बायको वारलेली, एकुलता मुलगा पुण्याला. भाडेकरूला त्यांची एकच अट होती, संध्याकाळी आपल्याबरोबर फिरायला यायचं. हे फिरणं आत्ताच्या गावातून नसे, पुढे होणाऱ्या गावातून असे. ज्वारीच्या धसकटांतून चालताना ते मला दंडाला धरून बाजूला ओढत. "हितनं नका जाऊ साहेब, हितं दवाखाना हाय." उकिरड्यापाशी आलो की त्यांचा आवाज आपोआप खाली येई, कारण तिथे वाचनालय होतं. एकदा चपलेतला खडा काढायला मी माळावर थांबलो, तर "बाजाराच्या मधीच थांबलात, लोकांनी जायचं कुठनं?" असं म्हणून ते चारी बाजूंना बघू लागले. सगळीकडे वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

गंमत वाटायची, पण त्या वेडात शिस्त होती. गाव किती वाढू द्यायचं हे पाण्याने ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. ओढ्याच्या काठाने एकही घर उठू द्यायचं नाही, तिथे पावसाचं पाणी मुरू द्यायचं. दुकानं कारखान्याच्या रस्त्याने लांबवर पसरू द्यायची नाहीत. आणि आमचं घर ज्यावर होतं तो गावाचा मुख्य बोळ आधी रुंद करायचा. हे ते हॉटेलात, पारावर, मयतीला जमलेल्या लोकांतसुद्धा सांगत. परिणामी ते हॉटेलात शिरले की निम्म्या गिऱ्हाइकांना शेतातली कामं आठवत. सोसायटीचे चेअरमन त्यांचे लहानपणचे दोस्त, पण तेही त्यांना लांबून बघितलं की मोटारसायकलला किक मारत. घरमालक मग रिकाम्या बाकावर दोन चहा सांगत, आणि दुसरा मला प्यावा लागे.

दसरा झाला की गावातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला जात. दारांना कुलपं, कुडाच्या झोपड्यांच्या तोंडाशी काटेरी फांद्या. त्या बोळांतून चालताना मात्र ते काही बोलत नसत. एकदा मीच विचारलं, "नाना, निम्मं गाव रिकामं असताना एवढं मोठं कुणासाठी आखता?"

"रिकामं कुठं हाय? माणसं गेलीत," ते म्हणाले. "गेलेली माणसं धरायचीच न्हाईत का?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "ऱ्हावं वाटंल असं गाव असतं तर माझं पोरगं बी गेलं नसतं."

त्या वर्षी माणसं उसाहून परतल्यावर ग्रामसभा भरली आणि त्यांनी बोळ रुंद करायचा विषय काढला. प्रत्येकाने आपली भिंत थोडी मागे घ्यावी, म्हणजे समोरासमोरच्या दोन गाड्या निघतील, असं ते सांगत होते. चेअरमन हसत म्हणाले, "नाना, आधी तुमचं घर मागं घ्या की. मग आमी हायच." सगळी सभा हसली. घरमालक हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. समोरची भिंत हादरली, आरसा खिळ्यावरून निसटला, पहारीने भिंतीला भोक पडलं, आणि त्यातून उजेडाबरोबर घरमालकांचं तोंड आत आलं. "साहेब, जरा सामान आवरा. तुमची खोली रस्त्यात येती." तोंडाला साबण तसाच ठेवून मी गादी आणि ट्रंक मधल्या खोलीत नेली. गावातली सगळी पोरंसोरं ते बघायला जमली होती. घरमालक स्वतः स्वयंपाकघरात झोपायला गेले.

बातमी कळताच मुलगा पुण्याहून आला. "आबा, आईनं पै-पै जमवून बांधलेलं घर हे. तुम्ही कुणाला विचारून पाडलंत?"

"तिची खोली मागं हाय. तिला हात लावला न्हाई मी."

मुलगा न जेवता संध्याकाळच्या गाडीने गेला. घरमालक पाडलेल्या जागेत बराच वेळ उभे होते. गावात दुसऱ्या कुणीही एक वीट हलवली नाही. आमचा बोळ आता उंदीर गिळलेल्या सापासारखा दिसत होता. इथून तिथून अरुंद, आणि आमच्या दारापुढे तेवढा फुगलेला. लोक येता-जाता हसत. संध्याकाळचं फिरणं बंद झालं. मी चला म्हटलं की ते म्हणत, "आज पाय दुखत्यात."

मग पावसाने पाठ फिरवली. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले, आणि टँकर उभा राहायला गावात एकच जागा निघाली. सकाळपासून आमच्या दारात हंडे-कळशा लागू लागल्या. घरमालक दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्ची टाकून बसत. पांढऱ्या फक्कीने रांगेच्या रेघा आखत, भांडणं सोडवत. बायका म्हणत, "नाना, तुमी आत बसा, आमाला नीट भांडू द्या." म्हाताऱ्या उंबऱ्यावर टेकत, लेकुरवाळ्या पोरं त्यांच्या मांडीवर देऊन रांगेत पळत. घरात चहाचं आधण उतरत नसे. एके दिवशी चेअरमनच हंडा घेऊन आले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "नाना, जागा केली ते बरं झालं."

"लायनीत उभं ऱ्हा," घरमालक म्हणाले, आणि सबंध दिवस गुणगुणत राहिले.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहिरींना पाणी आलं, टँकर बंद झाले. टँकर नसलेल्या पहिल्या सकाळीही घरमालकांनी सवयीने खुर्ची बाहेर टाकली होती. दुपारी मी जेवायला आलो तर ते तिथेच बसलेले. आत चहाचं पातेलं भरून झाकून ठेवलेलं होतं.

"पाणी आलं, लई चांगलं झालं," ते म्हणाले. मग खुर्ची जराशी सावलीत ओढत, "माणसं पाण्यापायीच येत हुती. दुसऱ्या कशापायी येतील?"

मी शेजारी जमिनीवर बसलो. तेवढ्यात बोळाच्या एका टोकाने दुधाचा टेंपो आला, दुसऱ्या टोकाने कडब्याची बैलगाडी. नेमक्या आमच्या दारात दोन्ही गाड्या समोरासमोर आल्या, सहज एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि चालू लागल्या. घरमालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा साहेब," ते म्हणाले, "कुणालाच थांबावं लागलं न्हाई."

गाड्या दिसेनाशा झाल्या, धूळ खाली बसली, तरी ते त्या बाजूला बघतच होते.