मुरबाडच्या काकूंनी मला पिल्लू दिलं नाय

मित्रांनो, शहापूरच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय. डोकं अजून तापलेलंच आहे.

एका मुलीला वाढदिवसाला लॅब्रेडॉरचं पिल्लू द्यायचं म्हणून सकाळी बाइक काढून मुरबाडला गेलो. तिकडच्या एक काकू घरीच कुत्री पाळून पिल्लं देतात. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाई खात्रीची आहे.

काकूंनी पिल्लांची आई दाखवली, लसीचे कागद दाखवले. तेवढ्यात एक पिल्लू माझ्या बुटाची नाडी ओढायला लागलं. मी म्हणालो, "हेच द्या."

"घरी याचं कोन करनार?"

"माझ्यासाठी नाय, काकू. एका मुलीला द्यायचंय."

"मंग तिलाच घेऊन ये."

"अहो, सरप्राइज आहे!"

"कुत्रं धा-बारा वर्सं जगतं रे बाबा. तिला आवडतं ना पन?"

मी भडकलो. "एवढी चौकशी तर लग्नात पण करत नाय! राहू दे तुमचं पिल्लू!" आणि किक मारून निघालो.

बाजारात एक जण खोक्यात पिल्लं घेऊन बसला होता. आई कुठंय विचारलं तर म्हणाला, "तुला पिल्लू पायजे का आई?" त्यातल्या एकाचे डोळे चिकटलेले होते. घ्यायचा धीर झाला नाय.

आता काकूंचा प्रश्न डोक्यातून जात नाय. तिला कुत्रं आवडतं का, मला खरंच माहीत नाय. मी कॉलेज सोडल्यापासून ती माझ्याशी बोललेलीच नाय.

खरं सांगा, फक्त एवढंच विचारायला तिच्या घरी गेलो तर चालेल का?