आधी वाईट सांगा

शरणप्पा स्वतःच्या दुकानातल्या कापडाची निंदा करीत असत. गिऱ्हाइकाने थानावरून हात फिरवला की ते म्हणत, "रंग जातोय याचा. परवडत असंल तर न्या." कमलनगरच्या बाजारात त्यांचे दुकान होते आणि समोरच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी मला धोतरजोडी देण्यापूर्वी तिच्या काठातला कच्चा धागा बोटाने दाखवला. मी धोतर घेतले. ते पुढे तिथेच उसवले.

त्यांचा नियम साधा होता. "गुण कापडाच्या तोंडावर दिसतोय, गुरुजी. ऐब दुकानदाराच्या पोटात ऱ्हातोय. तो त्यानंच बाहेर काढावा." शेजारचे व्यापारी त्यांना हसत. "अप्पा, असं बोलून धंदा व्हतोय का?" अप्पा कपाळावरच्या विभूतीकडे बोट दाखवीत. "ही लावून खोटं बोलायचं असंल, तर आधी पुसून येतो."

आमच्या भागात आजारी जनावर मोठ्या दवाखान्यात न्यायचे म्हणजे दोराने आवळून उंच टेम्पोत चढवायचे. दुकानासमोर असाच एक बैल घसरला आणि त्याचा खुबा निखळला. लोक हळहळले आणि पांगले. शरणप्पा संतापले. "हे काय पोतं हाय व्हय? दवाखान्याला न्यायलेत का मारायलेत?" त्यांनी लोहाराकडून एक ट्रॉली करून घेतली. तिचा तळ जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच होता आणि मागची फळी खाली उतरत असे. बसलेले जनावरसुद्धा तीत सरकवता येई.

ट्रॉली झाली, ओढायला गाडी नव्हती. ट्रॅक्टरचे हादरे दुखऱ्या जनावराला सोसत नाहीत. डिझेलची, मागच्या चाकांनी ओढणारी, जीपसारखी दणकट गाडी हवी होती. कापडदुकानाच्या मिळकतीत ती जुनीच येणार होती. ट्रॉली दुकानासमोर उभी राहिली आणि गावाला विषय मिळाला.

"अप्पा, रथ तर झाला. घोडा कवा?"

"घोडे लई हायेत. विकणारे गाढव हायेत."

बिदर, हुमनाबाद, उदगीर; जुन्या गाड्यांच्या प्रत्येक बाजारात मी त्यांच्याबरोबर गेलो. सगळीकडे त्यांचा पहिला प्रश्न एकच. "याचं वाईट काय ते आधी सांगा." सगळीकडे उत्तरही एकच. "काहीच नाही, अप्पा. डॉक्टरसाहेबांची गाडी. एका हाताची, दुसरा मालकच नाही." आमच्या दोन जिल्ह्यांत इतके डॉक्टर असते, तर माणसे उपचारासाठी हैदराबादेला कशाला गेली असती? शरणप्पा रस्त्यावरच उताणे होऊन गाडीखाली सरकत. खालून आवाज येई, "डॉक्टर आंधळा व्हता का? चासी गंजलीय आन् वरून काळा रंग फासलाय!" विकणारा लाजत नसे. तो चहा मागवी. खोटे पकडले गेल्यावर चहा पाजण्याची ही रीत कोणी पाडली कोण जाणे. मला तिचा आजही राग आहे.

एका उंच पांढऱ्या गाडीजवळ त्यांनी विचारले, "ट्रॉली ओढंल का?"

"अप्पा, हिला वरून उघडणारं छत आहे."

"बैलाला आभाळ दाखवाया न्यायचंय का?"

त्यांचे बोलणे मला पटत होते. त्याची किंमत मात्र दुसऱ्याने दिली. काशीबाई ही आमच्या वेशीजवळ राहणारी, चार म्हशींच्या दुधावर घर चालवणारी विधवा. तिच्या एका म्हशीचे रेडकू पोटात आडवे झाले. ट्रॉली तयार होती, ओढणारे काही नव्हते. टेम्पो येईपर्यंत म्हैस मेली. दुसऱ्या दिवशी काशीबाई भर बाजारात दुकानाच्या पायरीवर उभी राहिली.

"कामून उभी केली ही ट्रॉली? शोभेला? गाड्या बघायलात, माणसांना खोटं ठरवायलात आन् घरी यायलात. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा. माझी म्हैस गेली."

शरणप्पा उठून उभे राहिले. "खरं हाय, अक्का," एवढेच म्हणाले. ती गेल्यावर मला म्हणाले, "मी माणसं पारखत बसलो, गुरुजी. जनावर वाट बघत व्हतं." त्यांनी प्रश्न सोडला नाही, बाजार सोडला. विकण्यासाठी सजलेली गाडी पाहायची नाही, रोज काही ओढणारी गाडी कोणाकडे आहे ते विचारायचे, असे त्यांनी ठरवले. अशी एक गाडी हळ्ळीखेडला निघाली. मालक खडी फोडायचे यंत्र तिच्यामागे बांधून गावोगाव नेत असे. आता त्याची नजर गेली होती. व्यवहार त्याची बायको पाहत होती. अप्पांना प्रश्न विचारावा लागलाच नाही.

"पैले ऐब सुनलो, अण्णा," ती म्हणाली. "बायाँ दरवाजा अंदर से नै खुलता. काँच बी नै उतरती. तिसरा गेर छटकता. बारिश में छत टपकती. खींचती मगर बराबर. नै जमता तो चाय पीके जाव."

शरणप्पांनी त्या दिवशी मात्र चहा घेतला. ट्रॅक्टरमागे बांधून आणलेल्या ट्रॉलीत वाळूची पोती भरून गाडी चढावर घातली. तिसरा गियर सुटला. अप्पांना स्टिअरिंगवरून हात काढता येईना. "धरा, गुरुजी!" मी दोन्ही हातांनी गियर दाबून धरला. गाडी चढली.

ते काम पुढे कायमचे माझ्याकडे आले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला मनुष्य औराद आणि भालकीच्या रस्त्यांवर गियर दाबून बसलेला लोक पाहत आणि हसत. मागे एखादी गाय असे, एखादा बैल असे. पोहोचल्यावर अप्पा वळसा घालून येत, बाहेरून दार उघडीत, मग मी उतरे. गाडीवर कुलदेवतेचे नाव घाला, असे सगळ्यांनी सुचवले. अप्पांनी रंगाऱ्याकडून डाव्या दारावर मराठीत आणि कन्नडमध्ये एकच ओळ लिहून घेतली. "हे दार आतून उघडत नाही."

मागच्या उन्हाळ्यात शरणप्पा दुकानात, हातात कापड मोजायचा गज असताना गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. मुलगा कलबुर्गीहून आला, त्याने दुकानाला कुलूप लावले, गाडी बिदरच्या एका व्यापाऱ्याला विकली आणि ट्रॉली भंगारात काढली. मला विचारण्याचे त्याला कारण नव्हते. तरी मला संताप आला. ट्रॉली काशीबाईने भंगारवाल्याच्या हातून सोडवून आपल्या अंगणात ओढली. मग माझ्याकडे आली. "गुरुजी, अप्पांची गाडी कुठं उभी हाय ते दाखवा. ती परत घेऊ. माझा भाचा चालवंल."

आम्ही तिघे बिदरला गेलो. मागून ट्रॅक्टर ट्रॉली घेऊन आला. तीत काशीबाईने वाळूची पोती भरली होती. गाडी रस्त्याकडेला चकाकत होती. दारावरची ओळ रंगाखाली गेली होती. काचेवर चिठ्ठी होती, "एक हात. घ्या आणि चालवा."

"आधी वाईट सांग," काशीबाई म्हणाली.

"काहीच नाही, मावशी. नवीच समजा."

मी गाडीकडे वळलो. डाव्या बाजूला जाऊन बसलो आणि व्यापाऱ्याला दार लावायला सांगितले. त्याने लावले. "आता उतरतो," मी म्हणालो आणि कडी ओढली. पुन्हा ओढली. व्यापारी घाईने दाराकडे आला. काशीबाई मध्ये उभी राहिली.

"थांब. आधी तोंडानं सांग, मंग हात लाव."

"मावशी, आत म्हातारा माणूस आहे! ऊन बघा!"

"ते गुरुजी हायेत. त्यांना सवय हाय. बोल."

रस्त्यावरची माणसे जमली. व्यापाऱ्याने इकडे तिकडे पाहिले आणि तो पुटपुटला, "आतून उघडत नाही."

"आणखी?"

तो माझ्याकडे पाहू लागला. घाम माझ्या डोळ्यांत उतरला होता. मी काचेआडून तीन बोटे दाखवली. "तिसरा गियर," तो म्हणाला. मी बोट वर, छताकडे केले. "गळतं."

"आता कसं," काशीबाई म्हणाली. "ट्रॉली लाव रे."

व्यापारी दार उघडायला पुढे आला. मी नकारार्थी मान हलवली. भाचा स्टिअरिंगवर बसला, मागे ट्रॉली अडकवली गेली आणि गाडी चढाला लागली. मध्यावर तिसरा गियर सुटला. पोरगा गडबडला.

"तू पुढे बघ," मी म्हणालो आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला.

चढ संपल्यावर काशीबाई मागून चालत आली, वळसा घालून आली आणि तिने बाहेरून दार उघडले.