माडाला बांधलेला पाईप

माझ्या चुलीचा पाईप कौलांतून वर गेला, तेव्हापासून तो मोठ्या दिरांच्या डोळ्यांत खुपत होता. घरात गॅस आहे. पण मागच्या वाडीत माडाची सुकी झावळं फुकट पडलेली असताना भात आणि पाणी मी चुलीवरच करते, करणारच. फक्त धूर खाणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

पहिल्याच वाऱ्यात पाईप आडवा झाला. दीर अंगणातून म्हणाले, "बुजव गो ता भोक. आमच्या आवशीन जल्मभर धुरातच रांधल्यान."

"आणि जल्मभर खोकत रवली," मी म्हटलं. "तुमी तिका कधी विचारलात?"

सासूबाईंच्या खोकल्याचा विषय त्यांनी टाळला, पण जाताना बजावून गेले, पुन्हा पडला तर ते स्वतः कौलं आणून भोक बंद करतील. छप्पर दोन्ही भावांचं, त्यामुळे ही नुसती धमकी नव्हती.

नवऱ्याने पाईप उभा केला आणि तार ओढून मागच्या माडाला बांधली. आमच्याकडे झोपाळा, होडी, म्हैस, सगळं माडालाच बांधतात. पण वारा सुटला की माड स्वतःच डुलतो. माड झुकला की तार ताणली जायची आणि पाईपाला हिसका बसायचा. भोवतालची कौलं फुटली, पाईप कसाबसा तगला. नवऱ्याच्या अकलेचं मी जे कौतुक केलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वारा थांबल्यावर मॅक्सीवर त्याचाच शर्ट चढवून मी वर गेले. तो खाली शिडी धरून. माडाची तार कापली, फुटलेली कौलं बदलली, पाईपाला लोखंडी कडं आवळलं आणि तीन बाजूंनी तारा ओढून छपराच्याच वाशांना पिळल्या. आता हलायचंच तर घर आणि पाईप एकत्र हलू देत.

पुढचं वादळ दिवसभर घोंगावलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दीर काखेत दोन कौलं घेऊन हजर. पाईप जागच्या जागी, वर धूर चाललेला.

"आणलात ता बरा केलात," मी म्हटलं. "कोंबड्यांच्या खुराड्यावरची फुटलीत."

त्यांनी चुलीपाशी बसून चहा घेतला. सवयीने खांद्यावरचा पंचा डोळ्यांकडे नेला, पण पुसायला काही नव्हतं. मग मान वर करून पाईपाकडे बघितलं.

"ह्यो आवशीच्या वक्तार होयो होतो," ते म्हणाले.

सासूबाईंच्या वेळी हा पाईप नव्हता याचं मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण कौलं काही मी परत दिली नाहीत.