घासलेल्या घागरी

चिंचेच्या कोळाचा वास आला की मला नणंदेच्या बाळाचं बारसं आठवतं आणि अजून मान खाली जाते. तेव्हा आमच्या गल्लीत कावेरीचं पाणी दिवसाआड, सकाळी थोडाच वेळ यायचं. घागरी भरायचं काम माझं. चार वेळा मी नीट करायची, पाचव्या वेळी हमखास चुकायची. बारशाच्या सकाळी नळाकडे निघाले, तर एक घागर काळी पडलेली दिसली. चिंच लावून तीच घासायला बसले, मग दुसरी, मग सगळ्याच. पाणी येऊन गेलं. नणंदेच्या सासरची माणसं दारात आली, तेव्हा घागरी लखलखत होत्या आणि पाय धुवायलाही पाणी नव्हतं. “छान घासल्यास हो, पाहुण्यांना आता त्यात तोंडं बघू देत,” मोठी जाऊ म्हणाली आणि हंडा घेऊन शेजारी गेली. “अक्का, स्वल्प नीरु कोडी,” हे तिचं कानडीतून थोडंसं पाणी मागणं सगळ्यांनी ऐकलं. नणंद बाळाला घेऊन नुसती रडत होती. परवा माझी मुलगी मारतहळ्ळीच्या डॉक्टरांकडून आली. “आई, मला एडीएचडी आहे. रोजचं काम अंगवळणी पडत नाही, तो आळस नाही म्हणाले. तुलाही असं व्हायचं का गं?” तिने फार आशेने विचारलं. मी म्हटलं, “छे, मला कधीच नाही.”